देवक्काचा न फिटलेला पैरा

देवक्का गेली हे मला दुकानाचं शटर वर करताना कळलं. माझी बायको मालन रोज सकाळी तिला चहाला हाक मारायला जायची. त्या दिवशी ती हाक मारून, दार ढकलून, आत जाऊन आली ती थेट रस्ता ओलांडून दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. "देवक्का गेली हो," म्हणाली. झोपेतच गेली होती, कुशीवर, गालाखाली हात घेऊन. पावसाची भुरभुर चालली होती आणि धुकं इतकं उतरलं होतं की समोरची बँकेची पाटीसुद्धा दिसत नव्हती. मग ती म्हणाली, "आणि तरवा लावणीला आलाय." मला क्षणभर तिचा रागच आला. माणूस गेलंय आणि हिला भाताच्या रोपांचं पडलंय! पण त्या सकाळी आमच्या आळीत जो जो आला, त्यानं आधी देवक्काच्या दाराकडे बघितलं आणि लगेच मागं वळून मळीकडे. कोपऱ्यात टाकलेला तरवा वीतभर उंच, पोपटी, लावणीची वाट बघत उभा होता.

या मळीबद्दल आधी सांगायला हवं. आमचं रामनगर आता खेडं राहिलेलं नाही, आणि शहर म्हणावं तर हसू येतं. गोव्याकडे जाणाऱ्या बसगाड्या इथं चहाला थांबतात. लॉज झाले, मोबाइलची दुकानं झाली, तीन-तीन मजली इमारती उठल्या. हे सगळं जिथं उठलं ती भाताची शेतं होती, आणि त्यातलं शेवटचं शेत म्हणजे देवक्काची मळी, बरोबर बाजाराच्या मधोमध. एका बाजूला माझं हार्डवेअरचं गोदाम, दुसरीकडे बँक, तिसरीकडे मंगल कार्यालय, चौथीकडे देवक्काचं कौलारू घर. पावसाळ्यात बेडूक असे ओरडतात की बँकेतल्या माणसांना आवाज चढवावा लागतो. सुगीत एटीएमच्या खोलीत पेंढ्याचा वास येतो. परगावचं माणूस हे बघून आधी हसतं, मग फोटो काढतं, आणि मग हळूच विचारतं, ही जागा कुणाची?

मी मूळचा खानापुराकडचा. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी. रामनगरात घरं बांधायची धूम सुरू झाली तेव्हा वडिलांनी मला इथं दुकान घालून दिलं. पाइप, खिळे, रंग, पत्रे. माझं नुकतंच लग्न झालं होतं. गाव तेव्हा मोठं विचित्र होतं. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पाच-सहा गावांची माणसं इथं रांगेनं वसवलेली. शेजाऱ्याला शेजाऱ्याचं नाव ठाऊक नाही. त्यात आमच्यासारखे खानापूर-बेळगावकडचे व्यापारी, नोकरीवर आलेले कानडी साहेब… प्रत्येकजण आपापल्या दाराला कडी लावून बसलेला. संध्याकाळी दिवे लागायचे, पण एका घरातला आवाज दुसऱ्या घरात जात नव्हता.

पहिल्याच पावसाळ्यात वाऱ्यानं आमच्या घराची कौलं उडवली. मी दुकानात, घरात मालन एकटी, चुलीवर पाणी गळतंय. मी धावत घरी आलो तर छपरावर दोन अनोळखी गडी आणि खाली पदर खोचून कौलं वर देणारी एक काळीसावळी, चिवट बाई. तीच देवक्का. दुपारपर्यंत छप्पर शाकारून झालं. चहा पिऊन तिघं निघूनही गेली. संध्याकाळी मी हातात नोटा घेऊन तिच्या दारात उभा. आम्ही दुकानदार माणसं, कुणाचं ठेवून घेणं आम्हाला जमत नाही. तिनं नोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हसायला लागली.

"ठेव ते खिशात, सावकारा. लावणीला ये एक दिवस."

मी म्हटलं, अहो, मला शेतातलं काही येत नाही, पैसेच घ्या. तेव्हा ती जे बोलली ते मला आजही तिच्या आवाजातच ऐकू येतं. "पैसे दिलास म्हंजे तू मोकळा, मी मोकळी. मग उद्या वाटंत गाठ पडली तर बोलायचं कशापायी?"

यालाच पैरा म्हणतात. आज मी तुझ्या शेतात राबायचं, उद्या तू माझ्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला यात नवं काही नाही. पण देवक्कानं काय केलं, शेतं संपत आलेल्या गावात तिनं पैरा चालूच ठेवला. नांगरट गेली तर जाऊ दे, कुणाचं छप्पर आहे, कुणाचं बाळंतपण आहे, कुणाच्या लग्नाचा स्वयंपाक आहे. ती दिवस द्यायची, आणि तो दिवस मागून घ्यायची मळीतल्या लावणीला. त्यामुळे वर्षातून एकदा आमच्या बाजारात मोठी गंमत दिसायची. इस्त्रीच्या कपड्यातली माणसं विजारी गुडघ्यावर दुमडून, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन, चिखलात वाकलेली!

मी पहिल्या वर्षी गेलो तो लाजत गेलो. रोप हातात धरून असं दाबलं की ते शेंड्यापर्यंत चिखलात गेलं. देवक्का मागून बघत होती. "सावकारा, रोप लावायचं हाय, खुंटा ठोकायचा न्हाई," म्हणाली, आणि अख्खी मळी हसली. माझे कान लाल झाले. पण दुपारी बांधावर बसून तांदळाची भाकरी आणि कीर्लांची, म्हणजे कोवळ्या बांबूच्या कोंबांची भाजी खाताना शेजारच्या माणसानं मला माझं नाव विचारलं आणि स्वतःचं सांगितलं. तो माझ्या घरापासून चौथ्या घरात राहत होता. तोच गोपाळमामा. देवक्काच्याच बुडालेल्या गावचा, तिच्याहून थोडा थोरला. आज तो आमच्या घरचाच माणूस आहे.

लावणी संपत आली की देवक्का सगळ्यांना बांधावर बसवायची. शेवटची मूठ ती एकटी लावायची, माझ्या गोदामाच्या भिंतीलगतच्या कोपऱ्यात. घाई नाही, बोलणं नाही. एकेक रोप सोडवून, बोटाच्या टोकानं ठेवून द्यायची. आम्ही ओल्या अंगानं कुडकुडत बघत राहायचो. लांबून कॅसलरॉककडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी यायची, पावसात विरघळून जायची… ती शेवटची मूठ लावून झाली की पाठ सरळ करून म्हणायची, "चला, बसलं गाव."

आता माझा स्वभाव सांगतो. मला हिशेब अर्धा राहिलेला सोसत नाही. देवक्काबरोबर तो कधी पुराच होत नसे. मी एक दिवस दिला की ती एक दिवस यायची आणि जाताना टोपलीभर काकड्या ठेवून जायची. काकड्यांची परतफेड म्हणून मालन लाडू द्यायची, तर ही दुसऱ्या दिवशी येऊन आमचं अंगण सारवून जायची. कुणाचंही असंच. बँकेत धारवाडकडचे एक मॅनेजर आले होते, मराठीचं एक अक्षर येत नव्हतं त्यांना. त्यांची आई आजारी पडली तेव्हा देवक्का तिच्या उशाशी बसून राहिली. पुढं मॅनेजरसाहेब लावणीला आले, मी आता मोकळा म्हणून हात धुतले, तर देवक्का त्यांच्या घरी नव्या तांदळाची पिशवी घेऊन हजर. साहेबांनी कपाळाला हात लावला. त्यांची इथून बदली झाली, निवृत्तही झाले, पण घर त्यांनी इथंच बांधलं. सिमेंट माझ्याकडूनच घेतलं.

एकदा मी वैतागून तिला म्हटलं, "देवक्का, माझा एकदा तरी हिशेब पुरा होऊ दे की." सुगी होऊन गेली होती, मळीत कापलेल्या भाताची नुसती सड उभी होती. आम्ही बांधावर ऊन खात बसलो होतो. ती नेहमीसारखी हसेल असं वाटलं होतं. पण ती हसली नाही.

म्हणाली, धरणाचं पाणी येणार हे ठरलं तेव्हा त्यांच्या गावानं एक काम केलं. आता कोण कुठं जाणार ठाऊक नाही, कुणाचं कुणावर राहायला नको, म्हणून शेवटच्या सुगीनंतर सगळ्यांनी आपापला पैरा फेडून टाकला. घरोघर जाऊन. तुझा माझ्यावर नांगरटीचा एक दिवस आहे, चल, आजच घे. नांगरायला काही उरलं नव्हतं तरी नांगरलं. बुडणारी शेतं नांगरली! सगळे कसे हलके झाले. मग बैलगाड्या निघाल्या… कोण कॅसलरॉककडे, कोण नंदिगड्ड्याकडे, कोण इथं रामनगरात. देवक्काची एक मैत्रीण होती, सुमित्रा. दोघींच्या शेतांचा बांध एक, दोघी लग्न होऊन आल्या त्याही एकाच उन्हाळ्यात. काही वर्षांनी ती उळवीच्या जत्रेत भेटली. जेवलीस काय, पोरं बरी हायत काय, एवढं बोलून झालं, आणि पुढं बोलायला काही सुचेना. दोघी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि आपापल्या वाटेनं गेल्या.

"आमचं गाव पाण्यानं न्हाई बुडलं, सावकारा," ती म्हणाली. "पैरा फिटला, तवाच बुडलं. पाणी मागनं आलं."

मी त्यानंतर तिच्याकडे हिशेबाची गोष्ट काढली नाही. खरं तर त्या दिवसापासून मला तिची थोडी भीतीच वाटू लागली. एवढ्याशा जिवानं सगळ्या गावाला असं गुंतवून ठेवलं होतं, आणि तेही कुणाला कळू न देता.

तिचा मुलगा महादेव, सगळे त्याला मादेव म्हणतात. पोरगा गुणाचा. वास्कोत फॅब्रिकेशनच्या कामाला आहे, भाड्याच्या खोलीत राहतो, दोन मुली शिकताहेत. कॅसलरॉकला गाडीतून उतरून, मिळेल त्या जीपनं यायचा, आईच्या हातचं जेवायचा आणि परत. लावणीला त्याला कधी रजा मिळाली नाही. म्हणजे बघा, साऱ्या आळीत हा एकच असा, ज्याचं कुणावर काही नव्हतं आणि कुणाचं त्याच्यावर काही नव्हतं. मळीला चांगलं गिऱ्हाईक यायला लागलं तेव्हा त्यानं आईकडे विषय काढला होता. तिनं नाही म्हटलं नाही. मी हाय तवर राहू दे, एवढंच म्हणाली. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. वास्कोत घर घ्यायचं तर माणसानं दुसरं काय विकायचं?

देवक्काला पोचवून आलो. मादेव मुंडण करून सोप्यात कांबळ्यावर बसलेला. भेटायला येणाऱ्यांत जागेची बोलणी करणारा एक दलालही येऊन गेला. कुजबुज लगेच पसरली, यंदा लावण करू नका, जागा मोकळी असलेली बरी, असं तो सांगून गेला म्हणे. मादेवनं हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. घराला सुतक, त्यामुळे त्यानं शेतात उतरायचा प्रश्नच नव्हता. आणि आम्ही? पैऱ्याला बोलावणं शेताच्या मालकाचं लागतं. बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या शेतात पाय कसा टाकणार? मी रोज गोदामाच्या मागच्या खिडकीतून बघायचो. तरवा दाटत चालला होता. खालची पानं पिवळी व्हायला लागली. रोप जास्त दिवस वाफ्यात राहिलं की म्हातारं होतं, मग ते लावून उपयोग नसतो. रात्री डोळा लागला की स्वप्नात देवक्का बांधावरून चालताना दिसायची, पाठमोरी, आणि तिच्या पावलांचा आवाज येत नसे…

शेवटी गोपाळमामा दुकानात येऊन बसला. बँकवाले साहेब रंगाचा डबा घ्यायला आले होते, मंगल कार्यालयाचा मालकही होता. मामानं कुणाकडे न बघता विचारलं, "तुझ्यावर तिचा दिवस हाय काय?" मी म्हटलं, हाय. गेल्या हिवाळ्यात मालनच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती आमच्याकडे येऊन राबली होती. साहेब म्हणाले, माझ्यावरही आहे. कार्यालयवाला म्हणाला, माझ्यावरच तर आहे. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत होतं की देणं फक्त आपलंच राहिलंय. ही बाई सगळ्या आळीला देणेकरी ठेवून गेली होती.

"मग बोलावणं कशाला पायजे?" मामा उठला. "फेडायला जायाचं हाय."

आम्ही देवक्काच्या घरी गेलो. मादेव दारातच होता. मामानं त्याला सांगितलं की उद्या लावणी आहे. तो गडबडला. मला सुतक हाय, जागेचं बोलणंही चाललंय, असं काहीबाही बोलू लागला. मामानं त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. "तुला कोण बोलावतंय? आमी तिचं फेडतोय. तू बस आपला."

आणि लावणी झाली. टिलरवाल्यानं भल्या सकाळी चिखल करून दिला, त्याच्यावरही दिवस होताच. मालन उतरली, साहेबांच्या घरच्या उतरल्या, दोन्ही बाजूंच्या दुकानांतली माणसं उतरली. पाऊस एका सुरात पडत होता. वाकून वाकून माझी कंबर धरली, आणि मधेच मला असं झालं की मागं देवक्का उभी आहे, आता खुंटा ठोकल्याचं काहीतरी बोलणार… मी वळून बघितलंसुद्धा. धुक्यात नुसती हिरवी ओळ लांबत गेली होती. संध्याकाळी सगळी मळी भरली आणि शेवटची मूठ उरली. गोदामाच्या भिंतीलगतचा कोपरा रिकामा. कुणाचाच हात पुढं होईना. मामानं ती मूठ पाण्यात मुळं बुडतील अशी बांधाला टेकवून ठेवली आणि आम्ही घरी गेलो. मादेव सोप्यातून सगळं बघत होता.

दिवसकार्य झालं. दुसऱ्या दिवशी मादेव बॅग खांद्याला लावून दुकानात आला. निरोप घ्यायला आला असेल म्हणून मी खुर्ची पुढं केली. तो बसला नाही. उघड्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "काका, तुमचा दिवस माझ्यावर हाय न्हवं? कसा फेडू?"

माझ्या तोंडाशी उत्तर तयार होतं. अरे, तुझ्यावर कसला, आम्ही तुझ्या आईचं फेडलं, तू मोकळा. खरं तेच होतं, आणि हिशेबाच्या माणसानं तेच सांगायला हवं होतं. तसं बोललो असतो तर पोरगं हलक्या अंगानं जीपमध्ये बसलं असतं आणि त्याची माझी पुढची गाठ कुठल्यातरी जत्रेत पडली असती. जेवलास काय, पोरी बऱ्या हायत काय… मी तोंड मिटलं. मग जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकाशी नाही तर घरच्या माणसाशी खोटं बोललो. म्हटलं, "गोदामाचे पत्रे बदलायचे हायत रे. दिवाळीच्या आधी ये. ते काम तुझ्याच हातचं."

तो मान हलवून गेला. मागनं कळलं, साहेबांनी त्याला आपल्या फाटकाचं वेल्डिंग सांगितलंय आणि मामानं आपल्या पोरीच्या घरच्या शेडचं. ठरवून कुणीच बोललं नव्हतं. जीप सुटायच्या आधी मी मागच्या खिडकीतून बघितलं तर बॅग बांधावर होती आणि मादेव विजार दुमडून कोपऱ्यात वाकला होता. शेवटची मूठ लावत होता. रोपं पार शेंड्यापर्यंत चिखलात खुपसत होता. मी खिडकीतून ओरडणार होतो, खुंटा ठोकायचा न्हाई म्हणून, पण खिडकी हळूच लोटून घेतली.

आता मळी पोटरीला आलीय, लोंब्या अजून पोटातच आहेत. वारा आला की मंगल कार्यालयाच्या पायरीपर्यंत सळसळ ऐकू येते. कोपऱ्यातली मादेवची रोपं बुटकी राहिलीत, पण जगलीत. जागेचं काय ठरलं ते त्यानं सांगितलेलं नाही, मी विचारलेलं नाही. काल त्याचा फोन आला होता. रजा मिळालीय, मुलींनाही घेऊन येतो, भात कापणीलाही थांबीन म्हणाला, आणि पत्रे आणून ठेवलासा न्हवं, असं विचारलं. मी म्हटलं, ठेवलेत की.

गोदामाचे पत्रे गेल्याच वर्षी घातलेत, अजून कोरे करकरीत आहेत. या रविवारी मालन आणि मी ते उतरवून ठेवणार आहोत.